इंदूअक्का स्टेजवरून उतरत नाही

माणसं हसवणाऱ्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. घरीही अशाच हसवता का, आणि घरचे तुम्हाला काही म्हणत नाहीत का. पहिल्या प्रश्नाकडे इंदूअक्का साफ दुर्लक्ष करायची. दुसऱ्याला म्हणायची, "म्हणत्यात की. मी ऐकत न्हाय." एवढं बोलून ती बशीत चहा ओतायला घ्यायची.

मी तिच्यासोबत बावीस वर्षं पेटी वाजवली. म्हणजे सुरुवातीला पेटी आणि नंतर कीबोर्ड. पण अक्काच्या लेखी ती शेवटपर्यंत पेटीच राहिली. दिवसभर मी एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायचो आणि जत्रा, गणपती, संक्रांत अशा हंगामात तिच्या कार्यक्रमांना जायचो. वयाने मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा. पण सगळं सोलापूर तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. ती मला मास्तर म्हणायची. शाळेत मला तसं कधी कुणी म्हटलं नाही, त्यामुळे मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

अंगाने भरलेली, रंगाने काळीसावळी, कपाळावर मधोमध हिरवं गोंदण. आवाज असा की माइकवाले तिला आधीच सांगायचे, अक्का, जरा लांब धरा. तिचं माहेर सांगोल्याकडचं. बापाची मेंढरं होती आणि लहानपणी ती त्यांच्यामागे हिंडलेली. ओढ्यापलीकडे गेलेलं मेंढरू हाक मारून परत आणणाऱ्या बाईला माइकचं काय कौतुक! कार्यक्रमात वीज गेली की बाकीचे कलाकार कासावीस व्हायचे. अक्का खूश व्हायची. आता खरं ऐकणारं कोण ते कळंल, म्हणायची.

लग्न होऊन ती सोलापुरात आली ती विणकरांच्या वस्तीत. नवरा महादेव टेंपो चालवायचा. शेजारच्या सगळ्या बायका तेलुगू बोलणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या. अक्का त्यांच्यात बसून विड्या वळायला शिकली, तेलुगू शिकली, आणि हात चालू ठेवून तोंडाने नकला करायलाही तिथंच शिकली. दुपारच्या पेंगेला तिच्या नकलांसारखं औषध नव्हतं, असं त्या बायका अजून सांगतात.

विड्या तपासायला एक मुकादम होता. तो विडी उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा, नाक वाकडं करायचा आणि चांगली विडीसुद्धा बाजूला फेकायचा. बायकांच्या एका मेळाव्यात अक्काने त्याची नक्कल केली. विडीऐवजी तिने समोरच्या बायका तपासल्या. एकेकीला उजेडाकडे वळवून, डोळा मिटून, "ही वाकडी, ही ढिली, हिच्यात तंबाखू कमी," असं म्हणत बाजूला काढलं. शेवटी पहिल्या रांगेतल्या मुकादमालाच तिने उभं केलं, निरखून पाहिलं आणि "हे वळलंच कुणी?" असं विचारलं. कारखान्याचा मालक पोट धरून हसला. मुकादम हसला नाही. दुसऱ्या दिवशी अक्काच्या सगळ्या विड्या वाकड्या निघाल्या आणि तिचं काम गेलं.

त्या मेळाव्यात गावातल्या एका ऑर्केस्ट्राचा मालक आला होता. गायक पाणी प्यायला गेले की मधली दहा मिनिटं भरून काढायला त्याला कुणीतरी हवं होतं. अक्का गेली. वर्षभरात असं झालं की तिचं संपलं की लोक उठून शेंगा आणायला जायचे आणि गायकच रिकाम्या खुर्च्यांपुढे गायचे. तेव्हा गायकांनी तक्रार केली, आणि अक्काने आपला वेगळा कार्यक्रम काढला. महादेवने टेंपो त्यात घातला. मी पेटी घेऊन आलो. महादेव टेंपो चालवायचा आणि पोचलं की लाइट सांभाळायचा. त्याच्या हाताखाली इरण्णा नावाचा अक्कलकोटकडचा गडी होता, निम्मं कानडीत बोलणारा आणि निम्मं न बोलणारा.

महादेव बायकोच्या विनोदाला हसल्याचं मी पाहिलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, हसलो तर फोकस हलतो.

अक्काची काम करायची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच कलाकारात पाहिली नाही. कार्यक्रम संध्याकाळी असला तरी ती दुपारीच गावात पोचायची. घरून पिशवीत दोन किलो ज्वारी आणलेली असायची. ती पिशवी घेऊन ती गावच्या पिठाच्या गिरणीत जायची आणि बायकांच्या रांगेत शेवटी उभी राहायची. कुणी ओळखून पुढे जा म्हटलं तरी जायची नाही. गिरणीच्या आवाजात बायका ओरडून बोलतात, आणि ओरडून बोलताना माणूस खोटं बोलत नाही, हे तिचं शास्त्र. पीठ होईपर्यंत त्या गावची सासू कशी चालते, सरपंचीणबाई कशी खोकते, कुठल्या शब्दावर बायका एकमेकींकडे बघतात, सगळं तिच्या पदरात. संध्याकाळी तेच स्टेजवर. आणि त्या पिठाच्या भाकरी दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात.

मंद्रूपला तिने अशीच एक सासू उभी केली. सून भाकरी थापत असताना ही सासू शेजारी बसून टाळ्यांसारखे थापटण्याचे आवाज मोजते आणि एक थाप जास्त पडली की म्हणते, "कुणावर राग काढायलीस?" बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. इतक्यात एक म्हातारी उभी राहिली आणि ही आपली नक्कल आहे, बंद करा, असं म्हणाली. अक्का माफी मागणार तेवढ्यात दुसरी उठली, तुझी कशी, ही तर माझी. मग तिसरी. मंद्रूपच्या तीन सासवा भर कार्यक्रमात नकलेच्या मालकीवरून भांडल्या. अक्का स्टेजवर मांडी घालून बसली आणि भांडण संपेपर्यंत ऐकत राहिली. पुढच्या गावी कार्यक्रमात ते भांडणही होतं.

आणखी एक खोड सांगतो. स्टेजवर जाण्याआधी ती कुणाशीतरी भांडायची. भांडल्याशिवाय तोंड मोकळं होत नाही, असं तिचं म्हणणं. बहुतेक वेळा तो मान माझा असायचा. माझा शर्टच चुकीचा, सूरच चढा, मी पाणीच आवाज करून पितो. मी बापडा पहिली काही वर्षं मनाला लावून घेतलं. नंतर लक्षात आलं की ज्या दिवशी भांडण रंगतं त्या दिवशी कार्यक्रमही रंगतो, तेव्हापासून मी आपण होऊन निमित्त पुरवायला लागलो.

मग टीव्ही आला. मुंबईच्या एका विनोदी कार्यक्रमासाठी तिला बोलावणं आलं आणि तिच्यासोबत मीही गेलो, कारण तिला एकटीला पाठवायला महादेव तयार नव्हता आणि टेंपो सोडून जायलाही तयार नव्हता. तिथल्या लेखकाने पहिल्याच दिवशी सांगितलं की प्रत्येक वाक्यात "लई" घाला, गावाकडचं वाटलं पाहिजे. अक्का म्हणाली, "आमी कालवणात मीठ बी इतकं घालत न्हाय." तो हसला आणि त्याने ते वाक्यही लिहून घेतलं.

चार भाग बरे गेले. पाचव्यात बघण्याचा कार्यक्रम होता. अक्का नवरी. नवरा मुलगा पदर बाजूला करून तिचं तोंड बघतो आणि बेशुद्ध पडतो, असा विनोद. तालमीत दोन दिवस तिने काही न बोलता ते केलं. मला वाटलं, शहाणपणाने घेतलंय, टीव्ही आहे शेवटी. प्रत्यक्ष चित्रीकरणात तो नट आडवा झाला. त्याने तसंच पडून राहायचं आणि अक्काने रडत आत पळायचं, असं कागदावर होतं. अक्का पळाली नाही. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली, मेंढराचा पाय बघावा तसा त्याचा पाय उचलून बघितला, खाली ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "आबा, ह्यो पहिल्याच नजरंला आडवा झाला. ह्यो संसार काय करतोय? परत पाठवा, दुसरा दावा."

समोर बसलेल्या लोकांनी टाळ्या थांबवल्या नाहीत. तो भाग तसाच दाखवला, कारण टाळ्या कापवत नाहीत. पण त्यानंतर बोलावणं आलं नाही. परतीच्या गाडीत मी हळहळलो. ती खिडकीबाहेर बघत होती. सोलापूर जवळ आलं तसं म्हणाली की मास्तर, माझ्या तोंडाला बघून माझ्या गावचं गाढव बी कधी पडलं न्हाय, हितं मी पैसं घेऊन पाडू काय. मला तेव्हा तिचा राग आला होता. इतकी चांगली संधी हातची घालवली, असं माझ्या कारकुनी डोक्याला वाटलं. आता नाही वाटत.

टीव्हीवर पाच भाग दिसली तेवढ्याने तिचं नाव मात्र झालं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे कार्यक्रम असतात. पूर्वी ते घरोघरी व्हायचे. आता प्रत्येक होऊ घातलेला नगरसेवक मांडव टाकून करतो. बायका हजारांनी जमतात, वाण घेतात, आणि त्यांना दोन तास हसवायला अक्का लागते. वर्षाचं निम्मं काम त्या तीन आठवड्यांत. आमच्या धंद्यात त्याला तारखा म्हणतात. अक्काची वही मार्गशीर्षातच भरलेली असायची.

महादेव गेला तो असाच मार्गशीर्षात. टेंपो धुता धुता खाली बसला आणि उठला नाही.

दहाव्याला नात्यातल्या बायका अक्काच्या बांगड्या उतरवायला आल्या. मी बाहेरच्या खोलीत होतो. अक्का रडून रडून सुजली होती, आवाज पार बसला होता. पण त्या बसलेल्या आवाजात ती जे बोलली ते बाहेर ऐकू आलं. "बांगड्या मी माझ्या कमाईच्या भरल्यात. त्या ऱ्हाऊ द्या. आन् कपाळाचं म्हणाल तर हे माझ्या आज्जीनं गोंदलंय, मी सात वर्साची असताना. तवा मला नवरा न्हवता. पुसता येत असंल तर पुसून दावा." एकीने पाणी आणलं.

पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाले. सगळे गोड बोलायचे. अक्का, तुमचं दुःख मोठं, यंदा विश्रांती घ्या. अक्का, बायकांचा सण, जुन्या बायका नाव ठेवतात, आम्हाला स्वतःला काही नाही बरं का. कुणाला स्वतःला काहीच नव्हतं. अकरा तारखांतल्या आठ गेल्या. मग दोघांनी तिला न करता मला फोन केला. मास्तर, तुम्हीच सांगा त्यांना, तब्येतीचं कारण द्या, म्हणजे आमचीही अडचण नको. आणि मी हो म्हणालो. भांडण टळतंय, तिलाही आराम, असं माझं मीच ठरवलं. ही माझी चूक, आणि मी ती इथे लिहितो आहे कारण बाकी सगळं लिहून हे गाळणं बरं दिसणार नाही.

तिला कळलं तेव्हा ती माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली, माझ्या बायकोने दिलेलं पाणीही घेतलं नाही. "मास्तर," ती म्हणाली, "तुमी पेटी वाजवायला हाय का पंचांग बघायला? नवरा गेला त्यो माजा गेला. काम जाऊ देणार न्हाय मी. तेवढंच ऱ्हायलंय." मी मान खाली घातली.

उरली एकच तारीख. शहरात नव्याने आलेल्या हद्दवाढ भागातल्या एका साहेबांची, ज्यांना निवडणूक लढवायची होती. त्यांनी अक्काचा हसरा फोटो टाकून चौकाचौकात फलक लावले होते आणि त्याच दिवशी समोरच्या उमेदवाराचाही मांडव होता, म्हणून त्यांना माघार घेता येईना. त्यांनी मधला मार्ग काढला. अक्काने अर्धा तास करायचं आणि वहिनी, म्हणजे साहेबांच्या बायको, दिवा लावून कुंकू द्यायला स्टेजवर येण्याआधी मागच्या बाजूने उतरायचं. समोरून जायचं नाही. अक्का फोनवर बरं म्हणाली. ती इतक्या सहज बरं म्हणाली की मला ते खरं वाटेना.

त्या संध्याकाळी मांडवाच्या तोंडाशीच फलक होता. नावाआधी छापलेल्या "सौ."वर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली. अक्काने ती पाहिली, बोटाने नीट दाबून घेतली आणि आत गेली. मी मुद्दाम चढा सूर लावला, पाणी आवाज करून प्यालो. ती भांडली नाही. माझ्याकडे बघून नुसतं म्हणाली, आज वाजवू नका, मी सांगंपर्यंत.

पेटीशिवायही पहिला अर्धा तास नेहमीसारखा गेला. हशा होता, टाळ्या होत्या. मग साहेबांचा माणूस कडेला येऊन घड्याळ दाखवायला लागला. अक्काने त्यालाच हाताला धरून मधे आणलं.

"ह्ये दादा मला घड्याळ दावायलेत," ती बायकांना म्हणाली. "का माहितै? माझा मालक जाऊन महिना झाला. आता वैनी हितं दिवा लावणार. माझी सावली पडायची त्यावर. मग काय हुतंय कुणास ठाऊक. मला बी लई भ्या वाटायलंय."

हजार बायका गप्प बसलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

"आपण असं करू," अक्का म्हणाली, "वैनीवर पडायच्या आधी कुणावर तरी पाडून बघू. इरण्णा, पडद्यामागचा फोकस फिरव पुढं."

इरण्णाने एक क्षणही विचार केला नाही. मागून लख्ख उजेड आला आणि अक्काची लांबलचक सावली स्टेजवरून खाली उतरून पहिल्या रांगेत पोचली. तिथे मधोमध सोफ्यावर साहेब बसले होते. अक्का दोन पावलं डावीकडे सरकली. सावली बरोबर त्यांच्या अंगावर.

"सायेब, कसं वाटतंय?"

साहेब हसल्यासारखं करून सोफ्याच्या टोकाला सरकले. अक्का तिकडे सरकली. ते परत या टोकाला आले. अक्काही आली. तोपर्यंत मागून कुठूनतरी एक हसू फुटलं, म्हाताऱ्या बाईचं, आणि मग सगळा मांडवच. साहेबांनी शेवटी धोतराच्या सोग्याने घाम पुसला आणि जागेवर स्वस्थ बसले. अक्काने वाकून, हात डोळ्यांवर धरून त्यांना नीट न्याहाळलं.

"जित्ते हायती," ती म्हणाली. "लाल बी झालेत जरा. आता सांगा, आजपातूर किती जणींना मागच्या दारानं घालवलं?"

यावर हशा आला नाही. मागे, मांडवाच्या कनातीबाहेर, मोकळ्या कपाळाच्या काही बायका उभ्या होत्या. तशा त्या दरवर्षी असायच्या. मुली-सुनांना पोचवायला येतात आणि बाहेर थांबतात. मी इतकी वर्षं वाजवत होतो आणि मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. मला माझी लाज वाटली, आणि अक्काचा अभिमान वाटला, दोन्ही एकाच वेळी.

अक्का मात्र त्यावर थांबली नाही. भाषण करणं हा तिला गुन्हा वाटायचा. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, झोपलाव काय, वाजवा," आणि तिने पुढचं सुरू केलं. अजून तासभर तिने बायकांना हसवलं. घड्याळवाला दादा कधीच खाली जाऊन बसला होता.

तो माझा शेवटचा कार्यक्रम. बोटं आधीच आखडायला लागली होती, आणि त्या उन्हाळ्यात मी मुलाकडे पुण्याला आलो. अक्का अजून तिकडेच आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे ती येते ती त्या दिवशीची, कार्यक्रम संपल्यावरची.

टाळ्या चालू होत्या. वहिनी स्टेजवर आल्या. साध्या बाई, आजवर साहेबांच्या मागे उभ्या राहिलेल्याच मी पाहिल्या होत्या. हातात चांदीची कुयरी. दिव्याकडे न जाता त्या सरळ अक्कापुढे आल्या. डोळे भरलेले. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि अक्काच्या कपाळाकडे नेलं. बायका उभ्या राहिल्या. माझी बोटं पट्ट्यांवर थांबली.

अक्काने वहिनींचं मनगट हळूच धरलं.

"कुंकू ऱ्हाऊ द्या, वैनी," ती म्हणाली. "पुढच्या वर्साची तारीख द्या."

वहिनी गोंधळल्या. त्यांनी सवयीने सोफ्याकडे बघायला मान वळवली, आणि अर्ध्यातच परत आणली.

"रथसप्तमी," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

अक्काने माझ्या खिशातलं पेन काढलं, वही उघडून वहिनींच्याच हातावर टेकवली आणि लिहिलं.

"आन् अर्धा तास न्हाय बरं का, वैनी. पुरं दोन तास."

मग ती समोरच्या पायऱ्यांनी खाली उतरली, सगळ्यांमधून.